महाग इंजिन ऑइल की स्वस्त? आधी डब्याची मागची बाजू वाचा

१०० सीसीच्या साध्या मोटारसायकलीत हजार रुपये लिटरचं ऑइल ओतलं, तर त्यातले निम्म्याहून जास्त पैसे वाया जातात. उलट छोट्या टर्बो पेट्रोल कारमध्ये चारशे रुपये लिटरचं २०डब्ल्यू-५० ग्रेडचं घट्ट ऑइल ओतलं, तर आज वाचलेले पैसे पुढे इंजिन खोलताना कैक पटींनी भरावे लागतात. त्यामुळे गाडी कोणती हे कळल्याशिवाय महाग घ्यावं की स्वस्त, याचं उत्तर देता येत नाही.

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ऑइलबद्दल दोन-तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: घट्टपणाचा आकडा, दर्जाचं मानांकन आणि मोटारसायकल असेल तर क्लचसाठीचं मानांकन. या अटी पूर्ण करणारं, खात्रीच्या ठिकाणचं, त्यातल्या त्यात स्वस्त ऑइल घ्यावं आणि ते वेळेवर बदलावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. काही इंजिनांच्या अटीच इतक्या कडक असतात की त्यात बसणारं सगळ्यात स्वस्त ऑइलही महागच निघतं. तिथे हात आखडता घेऊ नये.

डब्यात नेमकं काय असतं

कोणत्याही इंजिन ऑइलमध्ये साधारण ७५ ते ९० टक्के बेस ऑइल असतं आणि उरलेली रसायनं म्हणजे ॲडिटिव्ह. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, या संस्थेने बेस ऑइलचे पाच गट पाडले आहेत. पहिल्या गटातलं ऑइल कच्च्या तेलापासून द्रावकांनी नको ते घटक आणि मेण काढून बनवतात. मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमची रिफायनरी आहे, तिथे अनेक दशकं बेस ऑइल तयार होतंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात प्रचंड दाबाखाली हायड्रोजन वापरून रेणूच बदलतात, त्यामुळे गंधक जवळजवळ निघून जातं आणि रेणू एकसारखे होतात. चौथा गट म्हणजे पॉलीअल्फाओलेफिन. ते कारखान्यात छोटे रेणू जोडून घडवलेलं असतं. या चारांत न बसणारं सगळं, उदाहरणार्थ एस्टर, पाचव्या गटात येतं.

गट चढत जातो तसा तापमानाबरोबर घट्टपणा कमी बदलतो. गरम झाल्यावर ऑइल फार पातळ होत नाही आणि थंडीत फार घट्ट होत नाही. पहिल्या गटातल्या ऑइलमध्ये उरलेलं मेण थंडीत खोबरेल तेलासारखं गोठायला लागतं. वरच्या गटातली ऑइलं उष्णतेने लवकर जळत नाहीत आणि त्यांची वाफही कमी होते. एपीआयच्या एसपी या पेट्रोल इंजिनांसाठीच्या मानांकनाच्या ऑइलला २५० अंश सेल्सिअसवर एक तास तापवलं, तर १५ टक्क्यांपेक्षा जास्त उडून जायची परवानगी नाही. साध्या बेस ऑइलमध्ये पातळ ऑइल बनवून ही अट पाळणं कठीण जातं. ऑइल ‘पिणारी’ गाडी बऱ्याचदा ऑइल उडवत असते, कारण त्याची वाफ ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून परत इंजिनात जाऊन जळते.

आता डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांबद्दल. १९९०च्या दशकात अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक ऑइलमध्ये चौथ्या गटाऐवजी तिसऱ्या गटाचं बेस ऑइल वापरायला सुरुवात केली, तरी डब्यावर सिंथेटिक हा शब्द कायम ठेवला. मोबिलने तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून बहुतेक बाजारांत तिसऱ्या गटाचं ऑइल सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ‘सेमी सिंथेटिक’मध्ये तर सिंथेटिक किती टक्के असावं याचं बंधनच नाही. तिसरा गट चांगलाच आहे, त्यात फसवणूक काही नाही. पण एका कंपनीचं फुल्ली सिंथेटिक सातशेला आणि दुसऱ्या कंपनीचं तेराशेला असेल, तर त्या शब्दावरून आतल्या मालातला फरक कळत नाही.

ॲडिटिव्हचं काम बेस ऑइलइतकंच महत्त्वाचं आहे. झिंक आणि फॉस्फरसचं एक संयुग धातूवर पातळ थर चढवतं आणि झीज रोखतं. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे डिटर्जंट आम्ल मारतात आणि पिस्टन स्वच्छ ठेवतात. डिस्पर्संट काजळीचे कण सुटे ठेवतात, त्यांचा गाळ होऊ देत नाहीत. फेस रोखणारी, गंज रोखणारी द्रव्यं वेगळीच. जगभरातल्या बहुतेक ब्रँडना हा मसाला लुब्रिझॉल, इन्फिनियम, आफ्टन आणि शेवरॉन ओरोनाइट या चारच मोठ्या कंपन्यांकडून मिळतो. एकाच मानांकनाच्या दोन ब्रँडमध्ये जाहिरातीत दिसतो तेवढा फरक नसण्याचं हे मोठं कारण.

त्याच कारणाने वरून ओतायच्या ‘इंजिन ट्रीटमेंट’च्या बाटल्या घेऊ नयेत. ऑइलमधली रसायनं एकमेकांशी तोलून घातलेली असतात. वरून काही टाकलं की तो तोल बिघडतो.

आकड्यांचा अर्थ

५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यूची सुरू होतानाच्या घट्टपणाची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. महाराष्ट्रात निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांखाली गेला तरी बातमी होते, त्यामुळे या चाचण्यांचं तापमान आपल्याकडे येत नाही. तरीही लहान आकड्याचा थोडा फायदा होतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पातळ ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोहोचतं. ४० अंशांवर ०डब्ल्यू-२० चा घट्टपणा साधारण ४५ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतो, तर २०डब्ल्यू-५० चा १६० च्या आसपास.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनासाठी. १०० अंशांवर २० ग्रेड ६.९ ते ९.३ सेंटीस्टोकमध्ये बसावं लागतं, ३० ग्रेड ९.३ ते १२.५ मध्ये, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९ मध्ये. इंजिनाच्या बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा हे सगळं एका ठरावीक घट्टपणासाठी बांधलेलं असतं. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या कारमध्ये २०डब्ल्यू-५० टाकलं की बारीक मार्गांतून ऑइल वेळेत पोहोचत नाही, टायमिंगची यंत्रणा मागे पडते आणि ॲव्हरेज कमी होतं. उलट जुन्या, झिजलेल्या, मुळात २०डब्ल्यू-४० वर चाललेल्या इंजिनात ०डब्ल्यू-२० टाकलं तर ऑइलचा दाब पडतो आणि पिस्टनच्या रिंगमधून ऑइल वर चढून जळतं.

विदर्भात उन्हाळ्यात घट्ट ऑइल टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. पाण्याने थंड होणाऱ्या कारमध्ये त्याची गरज नाही. बाहेर २५ अंश असो की ४५, थर्मोस्टॅट आणि पंखा कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपासच राखतात आणि ऑइलही त्याच्या जवळपासच राहतं. हवेवर थंड होणाऱ्या दुचाकीची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरची उष्णता थेट ऑइलपर्यंत पोहोचते. पुस्तिकेत तापमानानुसार दोन ग्रेड दिले असतील, तर तिथे वरचा घ्यावा.

पातळ-घट्ट अशा दोन्ही अटी एकाच ऑइलने पाळाव्यात म्हणून त्यात लांब साखळीचं पॉलिमर घालतात. साध्या बेस ऑइलमध्ये ते जास्त घालावं लागतं, वरच्या गटात कमी. गिअरच्या दातांखाली हे पॉलिमर तुटतं आणि ४० ग्रेडचं ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ३० सारखं वागायला लागतं. महाग ऑइलचा खरा, मोजता येणारा फायदा इथे आहे, आणि तो कारपेक्षा मोटारसायकलीत जास्त दिसतो, कारण तिथे गिअरही इंजिनाच्याच ऑइलमध्ये फिरतात.

मागची अक्षरं

पेट्रोल इंजिनांसाठी एपीआयची मानांकनं एसने सुरू होतात. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं आणि एसक्यू २०२५ चं. नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं, पण जुनं नव्याच्या जागी चालत नाही. डिझेलची मानांकनं सीने सुरू होतात: सीएच-४, सीआय-४, सीके-४. युरोपची एसीईए ही वेगळी पद्धत आहे आणि तिथे सी२, सी३ ही कमी राखेची ऑइलं येतात.

डब्यावरच्या शब्दांतही फरक असतो. ‘मीट्स’ म्हणजे हे मानांकन आम्ही पाळतो असं कंपनीचं स्वतःचं म्हणणं. एपीआयचा गोल शिक्का असेल तर कंपनीने परवाना घेतलेला असतो, आणि परवानाधारकांची यादी एपीआयच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. तसंच गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मंजुरीचं. ‘अमुक गाडीसाठी शिफारस’ असं लिहिणं आणि ‘एमबी अप्रूव्हल २२९.५२’ असा मंजुरीचा क्रमांक देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त पैसे द्यायचेच असतील तर या शिक्क्यासाठी आणि क्रमांकासाठी द्यावेत, कारण त्यामागे खऱ्या इंजिनांवर केलेल्या चाचण्या असतात.

दुचाकीत घोळ कुठे होतो

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या नव्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लच प्लेटवर बसली की क्लच घसरतो. लक्षण सोपं आहे: घाट चढताना रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. मग ऑइल बदलूनही कधी कधी भागत नाही, प्लेटाच बदलाव्या लागतात. कारच्या ऑइलच्या गोल शिक्क्याच्या खालच्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द दिसले, तर ते ऑइल मोटारसायकलीत अजिबात टाकू नये.

जपानच्या जासो संस्थेची मानांकनं याच अडचणीतून आली. एमए आणि एमए२ ओल्या क्लचसाठी असतात, आणि एमए२ जास्त पकड देतं. एमबी गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच कोरडा आणि वेगळा असतो. ॲक्टिव्हाला होंडा १०डब्ल्यू-३० एमबी सांगते. त्यात मोटारसायकलचं एमए ऑइल गेलं तर इंजिन बिघडत नाही, फक्त घर्षण थोडं वाढतं. उलटं मात्र कधीही करू नये.

स्प्लेंडरसारख्या १०० ते १२५ सीसी मोटारसायकलीला कंपनीने सांगितलेलं १०डब्ल्यू-३० पुरतं. त्यात फुल्ली सिंथेटिक टाकल्याने गिअर काही दिवस मऊ पडल्यासारखे वाटतात, आणि ते खरंही असतं, पण नवं साधं ऑइल टाकल्यावरही तसंच वाटतं. १५० ते २०० सीसीच्या पुढच्या, जास्त आरपीएमवर पळणाऱ्या, रोज लांब जाणाऱ्या गाड्यांत सेमी किंवा फुल्ली सिंथेटिकला अर्थ आहे. ३५० सीसीच्या रॉयल एनफील्डला कंपनीच १५डब्ल्यू-५० सेमी सिंथेटिक सांगते.

जिथे स्वस्त ऑइल महागात पडतं

छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, त्यातही थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं, हे ऑइलच्या बाबतीत सगळ्यात नाजूक. कमी आरपीएमवर जोर लावला, म्हणजे उड्डाणपुलाच्या चढावर वरच्याच गिअरमध्ये रेस दिली, की रिंगजवळ साचलेला ऑइल आणि पेट्रोलचा थेंब स्पार्क पडण्याआधीच पेटू शकतो. सिलिंडरमधला दाब एकदम उसळतो आणि पिस्टनची कड तुटू शकते. कॅल्शियमचे डिटर्जंट जास्त असतील तर हा धोका वाढतो, त्यांच्याऐवजी मॅग्नेशियमचे वापरले की कमी होतो, असं संशोधनात दिसलं. म्हणून २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी आलं. अशा गाडीत जुन्या एसएल किंवा एसएम मानांकनाचं ऑइल मिळालं म्हणून टाकू नये, मग ते कितीही नावाजलेल्या ब्रँडचं असो. एसपीच्या चाचण्यांत टायमिंग चेनची झीजही मोजतात.

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. खंबाटकी चढून लगेच गाडी बंद केली की त्या तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल थांबतं आणि भाजून कोळसा होतं. वरच्या गटाचं ऑइल ही भट्टी जास्त वेळ सोसतं. तरीही घाट चढल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवावं.

काही इंजिनांत टायमिंगचा पट्टाच ऑइलमध्ये बुडालेला असतो. फोर्ड इकोस्पोर्टचं १.० लिटर इकोबूस्ट त्यातलंच. चुकीचं ऑइल किंवा लांबवलेला बदल यामुळे पट्ट्याचं रबर सुटायला लागतं आणि त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. इथे पुस्तिकेत दिलेला मंजुरीचा क्रमांक एका अंकानेही चुकवू नये.

बीएस६ डिझेल गाडीत एक्झॉस्टला काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. काजळी अधूनमधून जाळून टाकता येते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती तिथेच साठत जाते. एसीईए सी३ मध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंतच चालतं, तर सीआय-४ दर्जाच्या ट्रकच्या ऑइलमध्ये ते एक टक्क्याच्या वर असतं. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ड्रममधलं ऑइल बीएस६ कारमध्ये टाकलं तर इंजिन छान चालेल, पण फिल्टर वेळेआधी भरेल. या गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी. काजळी जाळताना जादा डिझेल फवारलं जातं आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये, ऑइल पातळ झालंय, लगेच बदलावं.

चाचण्या काय सांगतात

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींत वेगवेगळ्या ब्रँडची ऑइलं टाकली, ६०,००० मैल चालवल्या आणि इंजिनं उघडून झीज मोजली. ब्रँडमुळे झीजेत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. पण टॅक्सी दिवसभर तापलेली असते, गार इंजिन सुरू करण्याचे प्रसंग फार थोडे. शिवाय ती इंजिनं बिनटर्बोची, मोठी आणि रांगडी होती.

२०१७ मध्ये तिथल्याच एएए या वाहनधारकांच्या संस्थेने प्रयोगशाळेत साध्या आणि सिंथेटिक ऑइलांची तुलना केली. घट्टपणा टिकणं, गाळ न होणं, वाफ कमी होणं अशा कसोट्यांवर सिंथेटिक सरासरीने जवळपास ५० टक्के सरस ठरलं. या दोन निकालांत विसंगती नाही. सिंथेटिक ऑइल ताणाखाली खरोखर जास्त टिकतं, पण इंजिनावर तेवढा ताण येतच नसेल आणि ऑइल वेळेत बदलत असाल, तर ती जास्तीची ताकद वापरली जात नाही.

पैशांचा हिशेब

‘ॲव्हरेज वाढतं’ हा दुकानदाराचा आवडता मुद्दा. योग्य ग्रेड वापरल्याने इंधनात १ ते २ टक्के बचत होते, असा अमेरिकी सरकारचा अंदाज आहे. समजा कार वर्षाला १०,००० किमी चालते, १८ चं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. वर्षाला सुमारे ५५५ लिटर, म्हणजे ५८,००० रुपयांच्या आसपास पेट्रोल. एक टक्का म्हणजे ५८० रुपये. महाग ऑइल लिटरमागे ३५० रुपयांनी जास्त असेल आणि साडेतीन लिटर लागत असेल, तर जादा खर्च १,२२५ रुपये. पूर्ण दोन टक्के वाचले तरी जमाखर्च जुळायला थोडे पैसे कमीच पडतात. आणि ही बचत पातळ ग्रेडची आहे. एकाच ग्रेडच्या दोन ऑइलांत ती शोधूनही सापडणार नाही.

मोटारसायकलीचं बघा. ६० चं ॲव्हरेज, तितकंच रनिंग, वर्षाला १६७ लिटर, १७,५०० रुपये. एक टक्का म्हणजे १७५ रुपये. ९०० मिली ऑइल वर्षातून दोनदा बदललं तर जादा खर्च ६३० रुपये. इथे हिशेब बसत नाही.

महाग ऑइल परवडायचं तर ते जास्त दिवस चालवायला हवं. पण वॉरंटीतल्या गाडीत कंपनीने सांगितलेलं अंतर ओलांडता येत नाही. मग जास्त टिकणारं ऑइल १०,००० किमीलाच ओतून टाकायचं आणि त्याची अर्धी ताकद तशीच फेकायची.

किलोमीटरपेक्षा तास मोजा

शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर सरासरी ५० च्या वेगाने १०,००० किमी जायला इंजिन २०० तास चालतं. मुंबई-पुण्याच्या गर्दीत सरासरी १५ चा वेग धरला तर तेवढ्याच किलोमीटरला ६६० तासांहून जास्त. मीटर दोघांचा सारखाच आकडा दाखवतो. बहुतेक पुस्तिकांत ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो आणि त्यात ऑइल बदलायचं अंतर बरंच कमी दिलेलं असतं. शहरातली रोजची गाडी त्याच तक्त्यात मोडते, हे पुष्कळांना माहीत नसतं. अशा वापरात जादा पैसे खर्च करायचे असतील, तर महाग ऑइल वर्षातून एकदा टाकण्यापेक्षा योग्य मानांकनाचं मध्यम किमतीचं ऑइल दोनदा टाकावं.

रोज पाच किलोमीटरच्या आतच फिरणाऱ्या गाडीचं ऑइल पुरतं तापतच नाही. ज्वलनातून आलेलं पाणी आणि पेट्रोल त्यात राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून पांढरट साय दिसली तर हेच झालेलं असतं. किलोमीटर कितीही कमी झाले असोत, वर्षाला एकदा बदल हवाच. आणि आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवावी.

रंगावरून मात्र काही ठरवू नये. डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, कारण डिस्पर्संट काजळी धरून ठेवतंय. सीएनजीवरच्या गाडीत ऑइल महिनोन्महिने सोनेरी दिसतं, पण जास्त उष्णतेने आतून सडत असतं. रंग चांगला म्हणून टॅक्सीवाले बदल लांबवतात आणि पुढे गाळ सापडतो. दर ५,००० ला बदलायचा जुना नियमही आता सरसकट लागू नाही. बीएस३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) असायचं, बीएस६ मध्ये ते १० वर आलं. आम्ल कमी तयार होतं, ऑइल जास्त टिकतं.

बदलताना काय पाहावं

गाडी पाच-दहा मिनिटं चालवून, ऑइल कोमट असताना सोडावं. गार ऑइलबरोबर गाळ नीट निघत नाही, फार तापलेलं हात भाजतं. चेंबरचा बोल्ट काढल्यावर त्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दरवेळी नवा टाकावा. जुना दबून गेलेला असतो, मग गळती थांबवायला बोल्ट जास्त आवळला जातो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे निघतात. फिल्टर प्रत्येक बदलाला नवा हवा, त्याच्या रबरी रिंगला बोटाने नवं ऑइल लावून हातानेच बसवावा. स्वस्त फिल्टरची परत येणारं ऑइल अडवणारी झडप नीट चालत नाही आणि सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. लोक ऑइल बदलतात, दोष फिल्टरचा असतो.

पुस्तिकेत फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असे दोन आकडे असतात. सांगितल्यापेक्षा थोडं कमी ओतावं, इंजिन मिनिटभर चालवून बंद करावं, पाच मिनिटांनी सपाट जागी डिपस्टिक पाहावी आणि मग हळूहळू वरच्या खुणेपर्यंत न्यावं. त्यावर जाऊ नये. ऑइल जास्त झालं की क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढतो. मोटारसायकलीत तर १०० मिलीचा फरकही जाणवतो, म्हणून मेकॅनिकने एक लिटरचा अख्खा डबा ओतला तर त्याला थांबवावं.

बनावट मालाचं काय

वरची सगळी चर्चा डब्यात खरं ऑइल असेल तरच. नावाजलेल्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यात गाळून घेतलेलं जुनं ऑइल भरून विकणं हा मोठा धंदा आहे, आणि जेवढा ब्रँड महाग तेवढा त्याची नक्कल करण्यात फायदा जास्त. ‘तीस टक्के सूट’ असलेलं महाग ऑइल घेण्यापेक्षा पेट्रोल पंपावर मिळणारं सर्व्हो, एचपी किंवा मॅक योग्य मानांकनात घेणं शहाणपणाचं. बुचाखालचं सील, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक पाहावा, क्यूआर कोड असेल तर तिथेच स्कॅन करावा. गॅरेजमध्ये सुटं ऑइल घेऊ नये, सीलबंद डबा डोळ्यांसमोर उघडून घ्यावा. बिलावर ग्रेड आणि मानांकन लिहून घ्यावं, वॉरंटीचा वाद झाला तर तेच कामी येतं. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला कापून टाकावं, म्हणजे तो पुन्हा भरता येणार नाही.